रंगांची बाराखडी

२०१८ साली लेकीच्या आग्रहाखातर लडाखला गेलो होतो. लेहपासून ६५-७० किलोमीटरवर, सिंधू नदीच्या काठी आल्ची नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या बौद्ध मठातली भित्तिचित्रं १२व्या-१३व्या शतकांतली, काश्मिरी वळणाची. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत मिट्ट काळोख. डोळे सरावल्यावर भिंतींवर एकेक आकृती दिसू लागली.

आमच्या गटातले एक गृहस्थ म्हणाले, "नक्षी छान आहे हो, पण सगळीकडे तेच तेच!" मला हसू आलं. बाराखडी न शिकलेल्या मुलाला पुस्तकाचं पान असंच दिसतं.

ही बाराखडी तशी अवघड नाही. मंडलाच्या मधोमध पांढरा वैरोचन. पूर्वेला निळा अक्षोभ्य, उजवा हात भूमीला टेकलेला. दक्षिणेला पिवळा रत्नसंभव, हात दान देणारा. पश्चिमेला तांबडा अमिताभ, ध्यानात बसलेला. उत्तरेला हिरवा अमोघसिद्धी, हात अभय देणारा. साधारण मांडणी ही अशी. वाहनंही याच क्रमाने ठरलेली: सिंह, हत्ती, घोडा, मोर, गरुड.

यापुढचा धडा मला महत्त्वाचा वाटतो. या पाच बुद्धांशी पाच विकार जोडलेले आहेत: अज्ञान, क्रोध, अहंकार, आसक्ती आणि मत्सर. आपल्या षड्रिपूंची आठवण यावी अशीच यादी. पण रिपू म्हटला की त्याला मारायचं, जिंकायचं. इथे विकाराचं ज्ञानात रूपांतर करायचं असतं. अक्षोभ्याच्या वाट्याला क्रोध आला आहे, आणि तो पालटला की आरशासारखं ज्ञान होतं, समोर आहे ते जसंच्या तसं दाखवणारं.

त्या निळ्या आकृतीपुढे मी जरा जास्तच रेंगाळलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलाला वर्गात थोबाडीत मारली होती. गृहपाठ का केला नाही, हे विचारलंसुद्धा नाही. त्याचे वडील आदल्या आठवड्यात वारले होते, हे मला मधल्या सुट्टीत कळलं. पुढे मी राग गिळायला शिकलो, पण त्या रागात स्वतःचा चेहरा पाहायचं धाडस काही केलं नाही. तो मुलगा कसा होता यापेक्षा मी कसा होतो, हेच त्या रागाने दाखवलं होतं. हे कळायला सत्तरी उलटावी लागली.

म्हणून माझं मत असं, की ही चित्रं 'सुंदर' म्हणून पुढे सरकणं म्हणजे पाटीवरची अक्षरं नुसती वळणदार आहेत म्हणण्यासारखं आहे. ती भिक्षूंनी रोज पाहावीत, पाहता पाहता स्वतःला तपासावं, यासाठी काढलेली आहेत. आत फोटो काढू देत नाहीत याबद्दल बरेच जण कुरकुरत होते. मला तो नियम योग्यच वाटला. हातात कॅमेरा नसला की माणूस निदान बघतो तरी.

असो. तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल, तर आधी पाच रंग पाठ करून जा. आणि निळ्यापाशी थोडं थांबा.