सेमिनरीच्या भिंती गावाला परवडत नाहीत



‘प्रत्येक पंथाने आपापली सेमिनरी (पाळक-धर्मगुरू घडवणारी संस्था) सांभाळावी, एकत्र शिकवले की शिकवण पातळ होते,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. बंगळुरूचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० मध्ये अनेक मिशनांनी मिळूनच काढले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. यात कोणाची श्रद्धा पातळ झाली?

आमच्या धाराशिवकडे ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली. गेल्या पावसाळ्यात एका आजींच्या दफनाला गेलो होतो. मुलगा मेथडिस्ट, सून कॅथलिक; पाळकही आलेले, फादरही. प्रार्थना आधी कोणी करायची हेच ठरेना. दोघेही भले, पण चिखलात अवघडून उभे. शेवटी बायकांनी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे भजन धरले, तेव्हा दोघेही त्यांच्या सुरात गाऊ लागले. ते अवघडलेपण सेमिनरीतच सुटायला हवे होते.

वाचनात तर ही भिंत आम्ही केव्हाच ओलांडली आहे. २०२० मध्ये आमच्याच गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांचे ‘सुबोध बायबल’ माझ्या प्रॉटेस्टंट घरात रोज उघडले जाते.

कॅथलिकांची ‘ज्ञानदीप’ संस्था आणि प्रॉटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी, दोन्ही पुण्यातच आहेत. तिथल्या प्राचार्यांना कळकळीची विनंती: निदान अंत्यविधी, मिश्रविवाह आणि मराठी उपासना एवढे तरी विद्यार्थ्यांना एका वर्गात बसवून शिकवा.

– एक वाचक, धाराशिव