घड्याळ काढा, मगच गार्ड बांधा!

सुट्टी लागली की मुकुंदवाडी-सिडकोच्या गल्ल्यांत मुलं स्केट्स घालून उतरतात. एखादा तर एकचाकी सायकलही चालवून बघतो. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पॅड. मनगटावर मात्र रिस्ट गार्डऐवजी स्मार्टवॉच! "घड्याळावर गार्ड नीट बसत नाही हो डॉक्टर," असं पालक सांगतात. मग घड्याळ काढा ना!

तोल गेला की माणूस हात टेकतोच. सगळा भार तळहातावरून मनगटावर येतो. गार्डची कडक पट्टी मनगटाला एकदम मागे दुमडू देत नाही. पण त्यासाठी गार्ड अंगासरशी बसायला हवं. खाली घड्याळ असेल तर ते नीट बसत नाही आणि पडताना घड्याळाची कड हातात रुतते.

"पडल्यावर घड्याळ इशारा देतं" हा युक्तिवादही लंगडा आहे. इशारा पडल्यावर येतो; तोवर हाड मोडलेलं असतं. हृदयाचे ठोके मोजायचेच असतील तर छातीला बांधायचा पट्टा मिळतो.

पडल्यावर मनगट दुखलं तर सूज चढण्याआधी घड्याळ, कडं, अंगठी काढा. मालिश करू नका, डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याच्या मुळाजवळच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसत नाही. १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं. दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही, असंही होतं.

तासाभराचा पावलांचा हिशेब चुकला तर काही बिघडत नाही. मनगट बिघडलं तर पेनही धरवत नाही.