तेलही गेले, पिस्टनही गेला

मराठी घरात तेलाच्या बाबतीत जितके सोवळे पाळले जाते तितके देवघरातही पाळले जात नसेल. फोडणीला शेंगदाण्याचे, डोक्याला खोबरेल, समईला तिळाचे, पोटाला एरंडेल आणि शिवणाच्या मशिनला त्या चोचीच्या बाटलीतले पातळ तेल. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाची बाटली वेगळी. एखाद्या नव्या सुनेने कैरीच्या लोणच्यात चुकून खोबरेल ओतले, तर ती हकिगत तिच्या नातवाच्या मुंजीपर्यंत सांगितली जाते.

हेच घर टू-स्ट्रोक इंजिनासमोर उभे राहिले, की त्याचे सोवळे एकदम सुटते. 'तेल ते तेल! त्यात काय बघायचंय?' असे म्हणून हाताला लागेल तो डबा उपडा होतो. माझे भांडण या वाक्याशी आहे. सोळा प्रकारच्या फोडण्या नाकाने ओळखणाऱ्या समाजाला बाटलीच्या पाठीवरची दोन अक्षरे वाचता येऊ नयेत, हे मला मान्य नाही.

आता तुम्ही म्हणाल, टू-स्ट्रोक राहिले आहे कुठे? तुमचे बरोबर आहे. लूना आणि चेतक या दोघी १९७२ साली बाजारात आल्या आणि पुढे कित्येक वर्षे पेट्रोलपंपावरचा पोरगा आपल्याला 'ऑइल किती?' असे विचारत असे. आपणही 'घाल अंदाजानं' असे, पत्रिका पाहिल्यासारखे उत्तर देत असू. मग चार-स्ट्रोकवाल्या गाड्या आल्या आणि हा संवाद बंद पडला. चेतक २०२० साली आणि लूना २०२४ साली परत आली ती विजेवर. दोघींनी म्हातारपणी तेलकट खाणे सोडले म्हणायचे.

पण टू-स्ट्रोक मेलेले नाही. ते रस्त्यावरून उतरून बागेत गेले आहे. पावसाळा सरता सरता कोकणात कुठल्याही आंब्याच्या किंवा काजूच्या बागेत जाऊन पाहा. पाखरांच्या आधी ग्रास कटर ऐकू येतो. पाठीवरचा फवारणी पंप, झाडे कापायची चेन सॉ, शहरातल्या सोसायटीच्या हिरवळीवर रविवारी सकाळी आपली झोप मोडणारे ते यंत्र, या सगळ्यांच्या पोटात अजून बहुधा तेच इंजिन आहे. आणि त्याच्या तोंडी तेल ओतणारे हातही तेच आहेत.

चार-स्ट्रोकचे इंजिन हा सुखवस्तू गृहस्थ. त्याच्या पोटाखाली तेलाची कोठी असते. तेच तेल वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. टू-स्ट्रोकचे मात्र हातावर पोट. त्याचे पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधूनच वर जात असल्यामुळे तिथे तेल साठवायला जागाच नाही. म्हणून तेल पेट्रोलात मिसळूनच द्यावे लागते. प्रत्येक घोटाबरोबर जे चार कण येतील त्यांवर बेअरिंगने आणि पिस्टनने दिवस काढायचा. नंतर ते तेल पेट्रोलाबरोबर जळून जाते. म्हणजे या तेलाला दोन कामे करायची असतात आणि ती परस्परांच्या उलट आहेत. जळेपर्यंत लोखंडाला लोखंड घासू द्यायचे नाही, आणि जळताना मागे काही ठेवायचे नाही. हे वागणे संतांचे आहे. पण असे तेल संतांइतके दुर्मीळ नाही, बाजारात मिळते. फक्त मागावे लागते.

मागत नाहीत अशा लोकांचे तीन पंथ आहेत.

पहिला पंथ काटकसरी. आमचे एक मेहुणे या पंथाचे आहेत. मोटारसायकलच्या ऑइलचे उरलेले पाव लिटर त्यांच्या डोळ्यांत सलत असते. 'महागातलं ऑइल आहे, फुकट का घालवायचं?' असे म्हणून ते ग्रास कटरच्या पेट्रोलात जाते. ऑइल महाग असेल, चांगलेही असेल. पण ते जळण्यासाठी केलेलेच नाही. ते कोठीत राहून महिनोन्‌महिने टिकावे म्हणून त्यात कॅल्शियम, जस्त अशा धातूंची संयुगे घातलेली असतात. ती जळली की राख होते आणि प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर थर धरते. टू-स्ट्रोकचे ऑइल पेट्रोलात चटकन विरघळावे असे केलेले असते, तसे हे नसते; त्यामुळे ते नीट मिसळतही नाही. याच पंथातले काही कडवे लोक गाडीतून काढलेले काळे ऑइल गाळून घालतात. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, की ते फार तर कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून लावत बसा, पण इंजिनाला शिवू देऊ नका.

दुसरा पंथ मायाळू. त्याचे मठाधिपती म्हणजे आमचे गावचे भाऊकाका. 'अरे, थोडं जास्त पडलं तर बिघडलं कुठं? तेलानं कधी कुणाचं वाईट केलंय?' असे भाऊकाका विचारतात. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट खिशात असलेल्या माणसाने हे विचारावे! त्यांचे माप म्हणजे बाटलीचे बूच. 'दोन बुचं घाल. आणि हे एक वरकड.' कुठल्या बाटलीचे बूच, हे विचारणे उद्धटपणात जमा होते.

गणित तर मुंज झालेल्या मुलाला जमेल असे आहे. यंत्राच्या पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल तर लिटरभर पेट्रोलात २० मिलिलिटर ऑइल. २५:१ लिहिले असेल तर ४० मिलिलिटर. संपले. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे माप घरोघरी पडलेले असते, तेही चालेल. मात्र पुन्हा औषधाकडे जाऊ देऊ नका. कमी पडले तर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि इंजिन सीझ होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त पडले तर काय होते, हे मात्र मायाळू पंथाला ऐकायचेच नसते. न जळलेले तेल काजळी होऊन प्लग काळा करते, धूर बाहेर जायची वाट चोंदते, सायलेन्सर घुसमटतो. शिवाय कार्बुरेटरच्या जेटमधून जाणारा घोट ठरलेला असतो. त्यात तेल वाढले की तितके पेट्रोल घटते आणि इंजिन उलट जास्त तापते. जावयाला तूप जास्त वाढायचे म्हणून भातच कमी वाढला, तसली ही माया.

तिसरा पंथ हौशी. यांना सगळ्यांत भारी तेच हवे. यांच्यापैकी कोणी बंदरावरून मच्छीमार होड्यांच्या मशिनचे ऑइल घेऊन येतो. त्यावर टीसी-डब्ल्यू३ असे ऐटबाज नाव असते. ते ऑइल उत्तमच आहे, पण होडीला. होडीच्या इंजिनाला थंड ठेवायला सबंध समुद्र असतो. खांद्यावरच्या ग्रास कटरला थंड ठेवायला फक्त वारा, आणि तोही ऑक्टोबर हीटमधला. त्या तापमानासाठी ते ऑइल बनवलेलेच नाही. दुसरा कोणी एरंडेलाचे गोडवे गातो. एरंडेल भरपूर तापले तरी लोखंडाला सोडत नाही, हे खरे. कॅस्ट्रॉल या नावातच एरंडेलाचे इंग्रजी नाव दडलेले आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात अख्खे इंजिनच गरगर फिरणारी विमाने असत, ती एरंडेलावर उडत. पण त्याचे तुषार वैमानिकाच्या नाकातोंडात जात, आणि एरंडेलाचा पुढचा परिणाम काय होतो ते ज्यांचे बालपण मराठी घरात गेले आहे त्यांना सांगायला नको. इंजिनात ते डिंकासारखे चिकटून राहते. शर्यतवाले वरचेवर इंजिन उघडून खरवडतात म्हणून त्यांना ते परवडते. आपण इंजिन बंद पडल्याशिवाय त्याच्याकडे बघत नाही.

मग घ्यायचे काय? बाटली उलटी करा. 'जासो' या जपानी मानकाचे नाव शोधा आणि पुढची दोन अक्षरे वाचा. एफबी, एफसी, एफडी अशी ती चढती भाजणी आहे. एफसी म्हणजे कमी धूर. एफडी म्हणजे कमी धूर आणि तापलेल्या इंजिनात अधिक स्वच्छता. एफडी म्हटल्यावर मध्यमवर्गीय कान आपोआप टवकारतात, म्हणून लक्षात ठेवायला सोपे. ही एफडी बँकेतली नव्हे, पण व्याज देते. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळे काही सांगितले असेल तर पुस्तिका श्रेष्ठ. ती पुस्तिका कपाटाचा पाय डगमगतो म्हणून त्याखाली दिलेली नाही, असे मी गृहीत धरतो.

आणि मिसळलेले पेट्रोल मुरांब्यासारखे मुरवत ठेवू नका. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला पाण्याचे भारी प्रेम. कोकणातल्या दमट हवेत झाकण सैल राहिले की ते पाणी ओढते, आणि पाणी फार झाले की दोघे मिळून तळाशी जाऊन बसतात. तेल वर पेट्रोलाबरोबर राहते. टाकीतली नळी असते तळाशी. म्हणजे तुम्ही मापून घातलेले तेल वर तरंगते आणि इंजिन कोरडे पाणी पिते. दोन-तीन आठवड्यांत संपेल इतकेच मिसळावे. गेल्या दिवाळीतला कॅन या दिवाळीत उघडू नये. तो चिवडा असता तरी उघडला नसता.

यावर काटकसरी पंथ शेवटचा बाण काढतो. 'पण चांगलं ऑइल महाग पडतं हो!' पडते ना. समजा, लिटरमागे १०० रुपये जास्त पडले. ५०:१ च्या हिशेबाने ते लिटरभर ऑइल ५० लिटर पेट्रोलला पुरते. म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे २ रुपये. तेवढ्यात चहाचे दोन घोटही येत नाहीत.

हे २ रुपये कोण वाचवतो आणि त्याची किंमत कोण देतो, हा माझा खरा मुद्दा आहे. बाग मालकाची. पेट्रोल-ऑइल मालकाचे. आणि ते यंत्र दिवसभर अंगावर वागवणारा माणूस तिसराच असतो. चेतकवर बसणाऱ्याचा धूर मागच्याला लागत असे. ग्रास कटरचा सायलेन्सर त्याच माणसाच्या अंगाशी, नाकापासून हातभर अंतरावर. निळ्या धुराचा ढग तो सकाळपासून ओढतो, संध्याकाळी त्याचे डोके दुखते, आणि मालक म्हणतात, 'ऊन फार आहे हल्ली.' कित्येकदा यंत्र त्याचे स्वतःचे, कर्ज काढून घेतलेले असते. ते सीझ झाले की नवा पिस्टन, नवा सिलिंडर, आणि ऐन मोसमातले बुडलेले रोज, हे सगळे त्याच्या डोक्यावर. योग्य ऑइलने धूर नाहीसा होतो असे मी म्हणत नाही. टू-स्ट्रोक आहे, थोडे धुमसणारच. पण कमी होतो, आणि कमी झालेला प्रत्येक घास त्याच्या छातीतला असतो.

सुट्या ऑइलचे हे प्रकरण इतके साधे असते तर १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात पडावे लागले नसते. दिल्लीच्या हवेसाठी न्यायालयाने दिलेल्या आदेशांत पंपावर सुटे टू-टी ऑइल विकायला बंदी आणि मोजून मिसळलेलेच पेट्रोल देणे, या दोन गोष्टी होत्या. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने ज्या बुचाची दखल घेतली, ते भाऊकाकांच्या हातून मात्र अजून सुटत नाही.

तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. त्यांनी टू-स्ट्रोक पाहिले नव्हते, पण धुपाटण्यापर्यंत ते बरोबर पोचले होते. फरक एवढाच, की हे धुपाटणे मालकाच्या हाती येत नाही. ते गड्याच्या पाठीवर असते. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात ऑइल मागताना बाटली उलटी करून ती दोन अक्षरे वाचा, आणि घरी आल्यावर माप शोधा. बूच बाटलीला लावा. ते त्यासाठीच केलेले असते.