किस्मत आणि कटऑफ

बी. फार्मसीची शेवटची प्रवेशफेरी संपली की आमच्या मोहल्ल्यात दोन वाक्यं ऐकू येतात. ‘किस्मत में नहीं था, सर.’ आणि ‘अपने बच्चों को लेते कहाँ हैं?’ पहिलं बहुधा अम्मीचं, दुसरं अब्बांचं. त्यानंतर फाईल कपाटात जाते आणि कुणीतरी रिपीटर बॅचची फी विचारायला निघतं. जागा का मिळाली नाही, हे विचारायला कुणी जात नाही.

मला या दोन्ही वाक्यांची चीड येते. भेदभाव नसतोच, असं मी म्हणणार नाही. भाड्याने घर शोधलेला कुठलाही मुसलमान म्हणणार नाही. पण सीईटी सेलच्या कॅप फेरीत नाव वाचून तोंड वाकडं करायला समोर कुणी बसलेलं नसतं. गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग, पसंतीक्रम आणि उरलेल्या जागा यांवर संगणक वाटप करतो. म्हणजे नकाराचं कारण कुठल्या ना कुठल्या कागदावर असतंच. ते न वाचता आपण थेट अल्लाहच्या मर्जीवर किंवा सरकारच्या नियतीवर बोट ठेवतो. उंट बांधून मग तवक्कल करायची हदीस जुम्म्याच्या बयानात ऐकून आपण माना डोलावतो आणि घरी येऊन उंट मोकळा सोडतो.

बदलापूरचीच एक मुलगी. उर्दू माध्यमातून दहावी, बारावी सायन्स, वडील रिक्षा चालवतात. एका वर्षी जागा मिळाली नाही. वर्षभर क्लास लावला, पुन्हा सीईटी दिली, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या आधी माझ्याकडे आली, तीही बायोलॉजीच्या नोट्स मागायला. मी म्हटलं, बेटा, नोट्स नंतर. आधी दोन्ही वर्षांचे कागद आण. भरलेल्या अर्जाची प्रिंट, अंतिम गुणवत्ता यादीतली नोंद, पसंतीक्रमाचा फॉर्म. कॉलेजवार, प्रवर्गवार कटऑफ मीच उतरवून ठेवले. ते प्रत्येक फेरीनंतर जाहीर होतात, कुणालाही बघता येतात.

पाऊण तासात सापडलं. पहिल्या वर्षी अर्जात प्रवर्ग ओबीसी, अंतिम यादीत खुला. नॉन-क्रिमिलेअरची नुसती पावती जोडली होती, मूळ प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही. दुसऱ्या वर्षी प्रमाणपत्र जोडलं, पण ते प्रवेशाच्या वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं आणि तिचं संपलेलं होतं. पुन्हा खुला प्रवर्ग. दोन्ही वर्षी तिचे पर्सेंटाइल तिने पहिल्या क्रमांकावर टाकलेल्या कॉलेजच्या ओबीसी कटऑफच्या वर होते. ती पोरगी एक अख्खं वर्ष बायोलॉजीचे शंभर प्रश्न घोकत बसली, आणि बायोलॉजी तिची पहिल्यापासून पक्की होती!

याच घराने जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधताना चपला झिजवल्या होत्या. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’. ओबीसी मुस्लिम घरांना हे दुखणं नवं नाही. एवढं करून दाखला मिळवला, पडताळणी करून घेतली, आणि हरले ते दरवेळी ताज्या लागणाऱ्या कागदापाशी.

वर्षभराची फी घेणाऱ्या क्लासवाल्यांनी तिला एकदाही विचारलं नाही की मागच्या वर्षी काय झालं होतं. का विचारतील? कारण सापडलं तर गिऱ्हाईक जातं. पण आपले पुढारी, आपल्या तंजीमा? चहाच्या टपरीवर २०१४ च्या पाच टक्क्यांची चर्चा अजून रंगते: अध्यादेश निघाला, हायकोर्टाने शिक्षणापुरता राहू दिला, मग विधिमंडळात कायदा झालाच नाही आणि तो विरला. खरंय, तो राग रास्त आहे. मात्र जे आरक्षण आज हातात आहे, त्याचं प्रमाणपत्र किती घरांत ताजं आहे, हे विचारलं की टपरी शांत होते.

कधी प्रश्न पसंतीक्रमाचा असतो. याच मुलीने अवघी सहा कॉलेजं भरली होती, कारण सायबर कॅफेवाला म्हणाला ‘बस्स झालं’. मुस्लिम अल्पसंख्याक संस्थांत आपल्या मुलांसाठी जागा असतात. नवीन पनवेलचं अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर त्यांपैकीच. त्यासाठी अर्जात अल्पसंख्याक असल्याची नोंद करावी लागते. तिच्या अर्जात तिथे ‘नाही’ होतं. कॅफेवाल्याला विचारायची गरज वाटली नाही, अब्बांना वाचायची.

कॉलेज स्वतः भरतं त्या जागांचं प्रकरण निराळं. तिथे समोर माणूस असतो आणि संशयाला जागाही असते. पण २०१५ च्या कायद्याने या जागाही गुणवत्तेनेच भरायच्या आहेत, आणि त्यावर लक्ष ठेवायला प्रवेश नियामक प्राधिकरण आहे. काउंटरवरच्या तोंडी ‘नाही’वर परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, यादी मागा. सरकारी कार्यालयाकडे असलेले कागद माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येतात, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. फक्त त्या अर्जात ‘माझ्या मुलीला का घेतलं नाही’ असं लिहू नका. तो कायदा कागद देतो, खुलासे देत नाही. अमुक यादीची प्रत, अर्जावरच्या शेऱ्याची प्रत, असं नाव घेऊन मागा.

आणि मुलींच्या बाबतीत ही घाई दुप्पट हवी. मुलगा दोन वेळा राहिला तर तिसरी संधी मिळते. मुलगी एकदा राहिली की घरात पाहुणे यायला लागतात. या मुलीच्या घरीही रिश्ता आला होता, मुंब्र्याचा. अब्बा म्हणाले, ‘सर, दो साल तो गए.’ मी दोन्ही वर्षांची पानं त्यांच्यासमोर ठेवली आणि ‘खुला’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली. ते बराच वेळ बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, ‘ये कागज तो मुझे लाना था.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा काढली नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद पिशवीत घालून सकाळच्याच गाडीने अंबरनाथला तहसीलला गेले.