चोपन्नशे फुटांवरचं बोहलं

लग्नात मामाचं काम तसं सोपं असतं. भाचीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं आणि पंगतीत दोन जिलब्या जास्त खायच्या. गेल्या वर्षी माझ्या भाचीनं मात्र फोन करून सांगितलं, ''मामा, माझं बोहलं कळसूबाईवर आहे. गुडघ्यांचं काय ते आतापासून बघ.''

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. १६४६ मीटर, म्हणजे चोपन्नशे फूट. पायथ्याच्या बारी गावातून निघायचं, चढत राहायचं आणि कड्यांवर लावलेल्या लोखंडी शिड्या पार करून माथ्यावरच्या चिमुकल्या देवळाशी पोचायचं. भाची आणि तिचा होणारा नवरा दोघंही डोंगरभटके. त्यांची ओळखच एका ट्रेकवरची. त्यामुळे त्यांना यात वावगं काही वाटत नव्हतं. घरात मात्र वादळ उठलं. ताई म्हणाली, ''लोक काय म्हणतील?'' मेव्हण्यांनी विचारलं, ''भटजी चढणार का?'' आणि माझी आई, म्हणजे नवरीची आजी, वय वर्षं ब्याऐंशी, काहीच बोलली नाही. तिचं ते न बोलणंच सगळ्यांना जास्त लागलं.

खरं सांगायचं तर मलाही आधी हे खूळच वाटलं. हल्ली प्रत्येकाला आपलं लग्न जगावेगळं हवं असतं. पण विचार करू लागलो, तेव्हा डोंगरावरच्या लग्नांचेही दोन प्रकार असतात, हे लक्षात आलं.

पहिला प्रकार एव्हरेस्टवरचा. ३० मे २००५ रोजी नेपाळच्या मोनी मुलेपती आणि पेम दोर्जे शेर्पा यांनी जगातल्या सर्वांत उंच जागी लग्न केलं. ती नेवार, तो शेर्पा. दोन वेगळ्या समाजांतले. दोघंही माथ्यावर पोचतील याची खात्री नव्हती, म्हणून बेत गुप्त ठेवलेला. तोंडावरचे प्राणवायूचे मुखवटे क्षणभर बाजूला केले, प्लास्टिकचे हार घातले, त्यानं तिच्या कपाळी सिंदूर लावला. लग्न उरकलं आणि दोघं उतरायला लागले. ना वाजंत्री, ना आहेर.

दुसरा प्रकार औलीचा. जून २०१९ मध्ये उत्तराखंडातल्या त्या सुंदर उतारांवर एका धनाढ्य कुटुंबातली दोन लग्नं झाली. पाहुणे नाचून-जेवून गेले आणि मागे शेकडो क्विंटल कचरा राहिला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पर्यावरणाच्या हानीपोटी तीन कोटी रुपये जमा करण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी आपल्याकडेही काही किल्ले हॉटेलं आणि समारंभांसाठी देण्याची बातमी आली आणि महाराष्ट्रभर केवढा गदारोळ उठला, ते वाचकांना आठवत असेलच.

दोन्ही लग्नं डोंगरावरचीच. मग फरक कुठे? माझ्या मते, फरक ओझ्याचा आहे. एव्हरेस्टवर त्या दोघांनी आपल्याला पेलेल तेवढंच नेलं. औलीत मंगल कार्यालयच उचलून डोंगरावर नेलं गेलं.

कायद्याचं म्हणाल, तर त्याला जागेचं फारसं कौतुक नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वधू किंवा वर यांच्या रीतीप्रमाणे विधी व्हावेत एवढंच म्हटलं आहे. त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. ते पाऊल हॉलमध्ये पडो की कातळावर. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही बजावलं, की लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे. विधीच झाले नाहीत तर नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू विवाह होत नाही. नोंदणी पद्धतीचा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा शब्द. साक्षीदार. लग्न दोघांचं असलं तरी ते चारचौघांदेखत करण्याची रीत आहे, ती उगाच नाही. पुढे कधी भांडण झालं, तर ''आम्ही होतो तिथे'' म्हणणारं कुणीतरी लागतं. आणि डोंगर इथेच जरा निर्दय होतो. माथ्यावर धडधाकट माणसंच पोचतात. ज्या आजीनं नातीला न्हाऊ-माखू घातलं, ती पहिल्याच शिडीखाली राहते.

हे मी भाचीला सांगितलं. ती गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी आजीपाशी येऊन बसली. तेव्हा आईनं तोंड उघडलं.

''कळसू कोण होती, ठाऊक आहे का गं तुला?''

लोककथा अशी, की कळसू ही कोळ्याची पोर. पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली. अट एकच घातली होती. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला नेमकी तीच कामं सांगितली. तिनं मुकाट्यानं केली, डोंगर चढून गेली आणि पुन्हा खाली आली नाही.

''अट मोडली म्हणून ती घर सोडून वर गेली,'' आई म्हणाली. ''तिच्या दारात जाऊन तू घर मांडणार. मांड बापडी. पण तुमच्या अटी आधी ठरवून घ्या. आणि त्या मोडू नका.''

मग मार्ग आपोआप निघाला. नोंदणी पद्धतीनं लग्न आधी शहरात झालं. तीन साक्षीदारांत पहिली सही आजीची, थरथरत्या पण सुवाच्य अक्षरात. चार दिवसांनी आम्ही चौदा जण कळसूबाईला गेलो. प्रत्येकानं आपलं पाणी आपल्या पाठीवर घेतलं. रीत म्हणते, मामानं नवरीला बोहल्यावर आणावं. इथे दोन शिड्यांवर नवरीनंच मामाला हात दिला. मेव्हण्यांच्या उपरण्याचा अंतरपाट धरला. वाऱ्यानं मंगलाष्टकांतले निम्मे शब्द पळवले. सात पावलं टाकायला जागा कशीबशी पुरली. फटाके नाहीत, थर्माकोल नाही. तो सगळा परिसर अभयारण्याचा आहे, याचं भान सगळ्यांनी राखलं. अर्ध्या तासात सारं उरकलं आणि वाटेतल्या चार-दोन रिकाम्या बाटल्याही आम्ही पिशवीत घालून खाली आणल्या.

आई बारी गावात एका ओसरीवर वाट बघत बसली होती. त्याच घरी पिठलं-भाकरी आणि ठेचा होता. जेवणं झाल्यावर नवरदेव उठला, आपलं आणि बायकोचं ताट उचललं आणि मोरीकडे गेला. घरधनीण ''अहो, राहू द्या'' म्हणत मागे धावली. आई तिला म्हणाली, ''घासू दे त्याला.''

तेव्हा शिखरावर लग्न करावं का, असं कुणी विचारलं तर मी आता नाही म्हणणार नाही. फक्त डोंगराचे नियम पाळा. पेलेल तेवढंच न्या, वर काही टाकून येऊ नका, आणि ज्यांना चढता येत नाही त्यांच्यापाशी दिवस मावळायच्या आत परत या. हॉलमध्ये लग्न करणाऱ्यांनीही हे नियम पाळले, तर कर्ज काढून मांडव घालणाऱ्या कितीतरी बापांचे जीव हलके होतील.

माझे गुडघे मात्र अजून दुखतात. पण लग्नाला गेलो होतो, ही आठवण त्यांनी तरी ठेवली आहे.