सरसकट तपासणी नको, यंत्र मात्र हवं

महाबळेश्वर तालुक्यातल्या पाचगणीला निवासी शाळांची शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. सेंट पीटर्स १९०४ची, संजीवन १९२२ची. रविवारच्या फोनवर पोरगं ‘सगळं ठीक आहे’ म्हणतं, ते खरं की वरवरचं? आता बोलण्यावरून मनोविकाराचा धोका ताडणारी संगणकप्रणाली आली आहे, मग वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाची तपासणी का करू नये, असं काही जण विचारतात.

मुद्दा पोकळ नाही. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१५ साली, धोका असलेल्या ३४ तरुणांच्या मुलाखती संगणकाकडून तपासल्या. एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी सांधा कितपत जुळतो हे मुख्यतः पाहून, पुढे सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मनोविकार) झालेले पाचही जण त्याने ओळखले. २०१८च्या मोठ्या अभ्यासात अचूकता ८३ टक्के भरली.

पण हे सारे आधीच डॉक्टरांच्या नजरेखाली होते. सरसकट तपासणीचं गणित निराळं. हजार मुलं धरा, त्यांत दहांना खरा धोका. ८३ टक्के अचूक यंत्र त्यांतली आठ पकडेल आणि उरलेल्या ९९० पैकी १६८ जणांवर उगाच शिक्का मारेल. नववीत चिकटलेला ‘मेंटल’ हा शिक्का दहावीनंतरही पुसला जात नाही.

शिवाय हे अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्यांवरचे. ‘माझा-माझी’ असे शब्द कमी येणं, ही त्यांतली एक खूण. आपल्याकडे ‘आईचा फोन आला’ म्हणताना ‘माझ्या’ कोण लावतं? ती खूण जशीच्या तशी लावली तर अख्खा तालुका आजारी ठरेल.

म्हणून यंत्र मोडीत काढायचं का? मुळीच नाही. ‘या वयात पोरं घुमी होतातच’ म्हणून हात झटकणारेही तितकेच चुकतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळले. मानसोपचारतज्ज्ञ मात्र लाखामागे एकही नाही. अशा वेळी तज्ज्ञाला मदतनीस हवाच.

फक्त क्रम चुकता कामा नये. मेसमध्ये कुणाचं ताट तसंच राहतंय, रात्री कोण जागं असतं, हे रेक्टरला आधी दिसतं. त्याला प्रशिक्षण द्या. त्यानंतर समुपदेशक, मग तज्ज्ञ. आणि तज्ज्ञाच्या हाताशी मराठी मुलांच्या बोलण्यावर पारखलेलं यंत्र, तेही पालकांच्या संमतीने आणि मुलाला विचारून. ध्वनिमुद्रण शाळेच्या दप्तरी राहू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहाच्या फोनशेजारी लावायला तर कुठल्याच यंत्राची वाट पाहावी लागत नाही.