तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादर-टॉवेलच्या कारखान्यांची पाळी सुटली की चहाच्या टपरीवर आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : बाबासाहेबांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी दिले होते ना? उत्तर शंभरदा देऊन झाले. तरी पुन्हा देतो.

दहा वर्षांची मुदत कलम 334 मध्ये होती, आणि ती लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांपुरती. 104 व्या घटनादुरुस्तीने ती 2030 पर्यंत वाढली. शिक्षणाचे कलम 15(4) आणि नोकरीचे 16(4) यांना मुदतच नाही. 16(4) ची कसोटी वर्षांची नाही, पुरेशा प्रतिनिधित्वाची आहे.

कार्यकर्ते वैतागतात, किती वेळा सांगायचे? नवखा कामगार ऐकीव माहितीवर विचारतो. त्याला संविधान उघडून दाखवा. आपण गप्प बसलो तर अफवा जिंकते. ज्याला उत्तर नकोच आहे, त्याला उलट विचारा : 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने आरक्षणाबाहेरच्या समाजांतील आर्थिक दुर्बलांना 10 टक्क्यांपर्यंत आरक्षण दिले. त्यालाही मुदत नाही. ते कधी संपणार, असे एकदा तरी विचारलेत का?

शेवटचा प्रश्न सर्वांनाच. या खासगी कारखान्यांत आरक्षण नाहीच. मग मागावरच्या कामगाराला किमान वेतन आणि पीएफ मिळत नसेल, तर ते कोणी अडवले? उत्तर आमच्या जातीच्या दाखल्यात नाही, मालकाच्या मस्टरमध्ये सापडेल. तिथे सगळे मिळून विचारू या.

जय भीम!